माशांचा कूलर

आमच्या घरी बटाटा भाजीला कमी आणि बाबांच्या डोळ्यांना जास्त लागायचा. बाबा वेल्डर होते. संध्याकाळी वर्कशॉपमधून आले की हातपाय धुऊन खाटेवर उताणे पडायचे आणि आई कच्च्या बटाट्याच्या दोन चकत्या त्यांच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवायची. दिवसभर आर्क, म्हणजे वेल्डिंगचा लखलखाट, पाहिलेल्या डोळ्यांत रेती भरल्यासारखं खुपतं. आमच्या वस्तीत त्यावर हाच उपाय. चकत्या गरम झाल्या की आई त्या उलटायची, पुन्हा गरम झाल्या की शेजारच्या गाईपुढे टाकायची. आमच्या घरातून वाया जायचं ते एवढंच. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा संध्याकाळी असेच पडतात.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबा धानकापणी सोडून इकडे आले आणि भिलाईच्या कडेला कुरुदला जागा धरून बसले. तेव्हा कुरुद गाव होतं, आता शहरात आलं. दोन खोल्या, वर पत्रे, मागे बाडी. इकडे परसाला बाडी म्हणतात. आई स्मृति नगरात दोन घरचा स्वयंपाक करायची. मी शिकवण्या घेऊन बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी मी पहिली, हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

मी पास झाले त्याच वर्षी बाबांच्या डोळ्यांनी हात टेकले. वेल्डिंगचा सरळ टाका वाकडा जाऊ लागला. वर्कशॉपचा सेठ वाईट माणूस नव्हता. त्याने चहा पाजला, बाकी होती ती मजुरी दिली आणि म्हणाला, "अब घर पे आराम करो." बाबांनी आयुष्यात कधी आराम केला नव्हता, त्यामुळे तो कसा करतात हे त्यांना माहीत नव्हतं. ते खाटेवर बसले आणि बसूनच राहिले. आजारी नव्हते. ताट वाढलं की जेवायचे, ताट सरकवायचे. काय झालं विचारलं की, "काई नाई."

आईने एकदा कणीक मळता मळता हळूच म्हटलं, "मानूस असा बसला तं आतून सरते व पोरी. माया बापाचं असंच झालं होतं. कोनता रोग नाई, काई नाई. बसले, बसले, अन गेले."

मी सायन्स शिकलेली मुलगी. असं काही नसतं असं मी तिला म्हणायला हवं होतं. म्हणवलं नाही. खाटेकडे पाहिलं की तेच दिसत होतं.

*

चैत लागला की कुरुदच्या रस्त्यावरचे कडुनिंब फुलतात. आताही फुललेत. सकाळी शाळेत शिकवायला निघाले की स्कूटीच्या सीटवर बारीक पांढरा सडा पडलेला असतो, आणि हेल्मेट घालायच्या आधी मी क्षणभर थांबते. कडुनिंबाचा वास लोकांना गोड वाटतो. मला त्या वासात तापलेला पत्रा आठवतो, वितळलेलं मेण आठवतं. एकाच ऋतूत माणसाला इतकं काही वासात साठवून ठेवता येतं आणि ते पुढे जन्मभर दर वर्षी परत येतं, हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही.

बाबा खाटेवर बसले त्या वर्षी माघात सुरुवात झाली. बाडीत मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाखाली आमचा जुना कूलर पडला होता. मोटर जळालेली, बूड गंजलेलं, तीन बाजूंच्या जाळ्यांत लाकडाच्या किसाच्या ताट्या तशाच. आई कपडे वाळत घालायला गेली आणि घाईने आत आली.

"अवो, कूलर घुमून राह्यला."

बाबा खाटेवरूनच म्हणाले, "मोटर जळेल हाय त्याची. कसा घुमंल?"

"मंग या अन आयका. मी का खोटं बोलून राह्यली?"

बाबा उठले. कूलरशी उकिडवे बसले आणि पत्र्याला कान लावला. किती वेळ तसेच होते. मी दारातून पाहत होते. वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर चालू ठेवला की त्याचा असाच एक खालच्या सुरातला हुंकार असतो, तो ज्याच्या कानात तीस वर्षं भरलाय त्याला घरातली शांतता सहन होत नसणार, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

"माशा हायेत," बाबा म्हणाले. "आत घर मांडलं त्यायनं."

बारीक, काळपट, पोटावर पट्टे असलेल्या सातेरी मधमाशा. अंधारी जागा शोधून एकामागे एक पोळी लावतात त्या. आईला माहेरचा एकच उपाय माहीत, धूर करायचा, पोळं पिळायचं आणि मध भाकरीला लावायचा. तिने विचारलं, "मद काढता काय?"

"राहू दे. आल्या तं आल्या."

दुपारी बाबांनी खाट उचलून बाडीत नेली. किती महिन्यांनी त्यांनी काही जागचं हलवलं होतं.

*

आता लोक मला विचारतात की घरामागे माशा पाळायच्या तर काय काय लागतं. मी सांगते, फार काही लागत नाही. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यात वाळकी गोवरी पेटवली की धुराची सोय होते. मच्छरदाणीचा तुकडा टोपीवरून सोडला की तोंड झाकलं. फुलं नसतील त्या दिवसांत साखरेचं पाणी बाटलीत भरून झाकणाला सुईने बारीक छिद्रं करायची आणि बाटली उलटी ठेवायची, माशा थेंब थेंब ओढून घेतात. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, पाण्यावर गाडीतल्या जुन्या मोबिल तेलाचा तवंग, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. एवढं सांगितलं की लोक खूश होतात आणि मोबाइलमध्ये टिपून घेतात. बाकीचं त्यांना हळूहळू कळतं. आम्हालाही हळूहळूच कळलं.

माझ्या पुस्तकात पेटीचं चित्र होतं. आत सुट्या चौकटी, एकेक चौकट बाहेर काढून पाहता येते, पोळं न मोडता. मी ते बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी चित्र डोळ्यांशी अगदी जवळ धरलं.

"हे तं सोपं हाय. मी बनवतो."

"लाकडाची असते बाबा."

"लाकडाले उधळी लागते. पान्यात फुगते. लोहा धोका नाई देत." मग कूलरकडे हात केला. "अन त्यायनंच लोहा पसंद केला ना? तो कायचा हाय?"

मी पुस्तक मिटलं. आणि खरं सांगायचं तर भिलाईत वाढलेल्या माणसाला यात काही वावगं दिसतच नाही. आमच्या गल्लीत तुळशीवृंदावन अँगलचं आहे. पाळणे पाइपचे, देव्हारे पत्र्याचे, कपडे वाळवायला केबल. ज्या गावाची रोजी लोखंडावर, त्या गावाला लोखंडापेक्षा भरवशाचं काही वाटत नाही. कोकणातल्या कुणी पत्र्याची मधपेटी केली असती तर त्याला लोक हसले असते. इथे बघायला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, मजबूत आहे.

आई मात्र आडवी आली. "डाक्टरनं आर्क बंद म्हनलं हाय."

"आर्क कोन लावते? रिपिट मारतो."

पत्रा कापायची कात्री, हातोडी, आणि रिपिटा म्हणजे रिव्हेट. बाबांनी कडा दुमडल्या आणि बोटांनी चाचपून चाचपून सांधे जुळवले. डोळ्यांना कमी दिसत होतं पण हातांना सगळं दिसत होतं. झाकण असं बसलं की वरून पाणी ओतलं तरी थेंब आत जाऊ नये. वर रेड ऑक्साइडच्या तांबड्या रंगाचा हात. फागुनाच्या उन्हात ती पेटी एखाद्या नव्या इंजिनासारखी दिसत होती आणि बाबा तिच्याभोवती हिंडत होते. आई भाकरी थापता थापता त्यांच्याकडे पाहायची.

पोळी हलवण्याच्या दिवशी बाबांनी हाताला वेल्डिंगचे चामड्याचे मोजे चढवले आणि तोंडाला वेल्डिंगचा मुखवटा.

"आता दिसते काय?" आईने विचारलं.

"नाई दिसत."

"मंग काढा ना तो काळा काच. माशा काय झाळण करून राह्यल्या?"

बाबा हसले. मुखवट्याच्या आतून हसू आलं ते डब्यातून आल्यासारखं.

मच्छरदाणी पांघरून आम्ही कूलरची एक ताटी अलगद काढली. ताजं पोळं हातात घेतलं की तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या फुलक्यासारखं लागतं, गरम, मऊ, जरा जोराने धरलं तर बोट आत जाईल असं. एकेक पोळं सुरीने सोडवून बांबूच्या चौकटीत बसवलं आणि केळीच्या सोपाच्या दोरीने बांधलं. माझा गाल सुजला, बाबांचा कान. पुढे काही दिवसांत माशांनी पोळं चौकटीला चिकटवून घेतलं आणि आमच्या दोऱ्या कुरतडून दारातून बाहेर आणून टाकल्या. सकाळी पेटीखाली त्या दोऱ्यांचे तुकडे पडलेले असायचे. तुमची मदत झाली, आता आमचं आम्ही पाहतो, असं काहीतरी त्यात होतं.

*

इकडचा उन्हाळा सांगून कळत नाही. चैताच्या शेवटी दुपारी बारा ते चार रस्ता रिकामा होतो. नळाचं पाणी चटका देतं, कडीला हात लावताना पदर घ्यावा लागतो. त्यात जेठातला नवतपा, सगळ्यात कडक दिवस. म्हातारी माणसं नवतप्याबद्दल पाहुणा यायचा असल्यासारखी बोलतात, यंदा कसा येतो कोण जाणे.

कडुनिंब भरात होता. माशा दिवसभर ये-जा करत होत्या. मग त्या पेटीच्या दारावर बाहेरच बसू लागल्या. आधी मूठभर, मग ओंजळभर, मग दारापासून खाली दाढी लोंबावी तशा. मी म्हणाले, वाढल्या. बाबा म्हणाले, घर भरलं. शेजारच्या बिसाहिन काकीला बाबांनी बोलावून दाखवलं. आत धग सोसवत नाही म्हणून त्या बाहेर लोंबताहेत, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

एका दुपारी पेटीतून आवाज आला, ओलं फडकं जमिनीवर पडावं तसा. मग खालच्या फटीतून मध गळू लागला. बाबांनी झाकण उचललं आणि पत्र्याचा चटका बसून सोडून दिलं. मी फडक्याने उचललं. चौकटी रिकाम्या होत्या. मऊ पडलेली पोळी एकमेकांवर ढासळून तळाशी गोळा झाली होती आणि त्या गोळ्यात मध, पांढऱ्या अळ्या, माशा. काही माशा मधात बुडून पाय हलवत होत्या. 

उरलेल्या माशा मुनग्याच्या फांदीला जाऊन लोंबल्या. बाबा पेटीशेजारी तळपत्या जमिनीवर बसले.

"लोहा धोका नाई देत म्हनत होतो मी," एवढंच म्हणाले.

आई त्यांना सावलीत ओढत होती आणि ते उठत नव्हते. मला त्या वेळी माशांची काळजी नव्हती, असं मी स्पष्टच लिहिते. माशा गेल्या तर दुसऱ्या येतील. पण माघापासून इथवर उठून आलेला हा माणूस आता खाटेवर परत गेला तर तिथून पुन्हा उठणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

आई उठली. घरातून बांबूची टोपली आणली, तिच्या आतून पोळ्याचं मेण घासलं. अळ्या असलेला पोळ्याचा एक धड तुकडा तळाच्या राड्यातून शोधला, धुऊन टोपलीत बांधला आणि माझ्याकडे देत म्हणाली, "लेकरं टाकून जाईन काय कोनती माय? धर, त्यायच्या डोक्यावर उलटी धर."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती आपल्या हिशेबाने बोलली होती. मी स्टुलावर चढून टोपली उलटी धरली आणि खालून आईने गोवरीचा जरासा धूर दिला. ऊन कलेपर्यंत हात भरून आले. मग एक माशी वर चालत गेली, तिच्यामागे आणखी, आणि पाहता पाहता सगळा घोस धान्य उलटं ओतावं तसा वर टोपलीत चढला. टोपली आम्ही मुनग्याला टांगली, भोवती ओलं गोणपाट.

"थांबल्या हायेत," आई बाबांना म्हणाली. "पन किती थांबतीन? घर पायजे त्यायले."

बाबांनी मान भिंतीकडे वळवली. ते पुन्हा खाटेवर गेले होते.

*

दुसऱ्या दिवशी मी किराणा दुकानातून मेणबत्त्या आणल्या. एक तुकडा त्या लोखंडी पेटीत ठेवला. एक खोक्यात, यंत्राचे भाग ज्यात येतात ते चिडाच्या, म्हणजे पाइनच्या फळ्यांचं खोकं, भंगारवाल्या कबाड्याकडून आणलेलं. एक मडक्यात. आणि एक जुन्या कूलरच्या आत, ताट्या पुन्हा लावून, त्यांच्यावर तांब्याभर पाणी मारून. सगळं मुद्दाम उन्हात ओढून ठेवलं.

"मेनबत्त्या कावून लावून राह्यली दिवसा?" बाबांनी खाटेवरून विचारलं.

"लावून नाही राह्यली, ठेवून राह्यली. दुपारी पाहू."

त्यांचं तोंड भिंतीकडे होतं ते इकडे झालं. लोखंड उष्णता झटकन आत नेतं, हे पुस्तकातलं वाक्य मी त्यांना वाचून दाखवू शकले असते. मला तसं करायचं नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर हात लावून वस्तू ओळखली, त्याला हात लावूनच कळायला हवं होतं.

दुपारी मी त्यांना हाताला धरून नेलं. लोखंडी पेटीत मेणबत्ती नव्हती, तेलासारखा एक डाग होता आणि त्यात वात. बाबांनी त्यात बोट बुडवलं. खोक्यातली वाकली होती, अंगठ्याने दाबली तर दबली. मडक्यातली तेवढी मऊ नव्हती. मग ते कूलरशी बसले, ताटीमागे हात घातला आणि तो तुकडा बाहेर काढून दोन्ही हातांनी मोडला. कट्कन आवाज आला.

मोडलेले दोन तुकडे बाबांनी बोटांनी चाचपून पाहिले. मग म्हणाले, "लोहा नव्हता त्यायनं पसंद केला. घास होता."

कूलरच्या ताटीतल्या लाकडाच्या किसाला इकडे सगळे घासच म्हणतात.

"मले आधी कावून नाई समजलं?" त्यांनी विचारलं. मला नाही, त्या तुकड्यांनाच.

मग त्यांनी चहा मागितला. चहा होईपर्यंत खोकं खोलून फळ्या वेगळ्या केल्या होत्या.

ती पेटी मला अजून तपशिलात आठवते. आत चिडाच्या फळ्यांची पेटी, आतून रंग नाही, काही नाही, नुसतं रंधा मारलेलं लाकूड. बाहेरून बारीक पट्ट्यांचा लोखंडी पिंजरा. दोन्हींच्या मधे वीतभर जागा आणि त्या जागेत ठासून घास. दारासमोरचा भाग मोकळा. वर गवताचं छप्पर. दुपारी घासावर पाणी शिंपडायचं, पावसाळ्यात घास काढून टाकायचा म्हणजे बुरशी येणार नाही. चौकटींत अंतर किती ठेवायचं ते बाबांनी टोपलीत माशांनी सुरू केलेल्या नव्या पोळ्यांवरून बोटाने मोजलं. पुस्तकात होतं त्याच्याशी ते जुळलं, आणि मी ते त्यांना अभिमानाने सांगितलं.

"तं पुस्तकवाल्यानंबी माशांलेच इचारलं असंल," बाबा म्हणाले.

एका संध्याकाळी टोपलीतल्या माशा नव्या पेटीत उतरवल्या आणि गल्लीत बातमी फिरली की वेल्डरने माशांना कूलर लावला. लोक येऊन पाहून हसून जायचे. आई कुणाला सोडत नव्हती. "हसा बापा. माशांले कूलर अन मले हातपंखा. या घरात मीच फुकट आली."

*

नवतपा लागायच्या आधी आणखी एक झालं. बिसाहिन काकी कुंपणावरून इकडच्या बोलीत ओरडली. तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता.

"ए नोनी, तुंहर माछी मन मोर नल ला छेंक ले हें. मोला पानी भरन नइ देवंय."

तुमच्या माशांनी माझा नळ अडवलाय, मला पाणी भरू देत नाहीत, अशी तिची तक्रार. माशांना पाणी लागतं, उन्हाळ्यात पेटी गार करायलाही लागतं, आणि त्यांनी काकीचा गळका नळ शोधून काढला होता. आमच्या बाडीत पाण्याची परात होती, गोटे टाकून ठेवलेली, म्हणजे माशा बुडू नयेत. पण त्यांना एकदा जी जागा ठरली ती ठरली. आईने काकीच्या हाताला चुना लावला. बाबांनी परात उचलली आणि तिच्या नळाशेजारी नेऊन ठेवली, गोट्यांवर ओलं गोणपाट टाकून. मी माशा हाकला म्हणतेय आणि हा त्यांना मेजवानी देतोय, असं काकीला झालं.

"ये का करत हस भैया? मैं माछी ला भगाय बर कहत हंव, तैं दावत देवत हस."

बाबांनी तिच्या नळाची वायसर बदलून दिली. नळ कोरडा पडला, माशा परातीवर आल्या. मग रोज सकाळी बाबा परात थोडीशी आमच्याकडे सरकवायचे. हातभर, कधी त्याहून कमी. माशांना ती रोज शोधावी लागायची आणि रोज सापडायची. शेवटी परात कुंपणाखालून आमच्या बाडीत आली. काकी म्हणाली, असा जावई मला मिळाला असता तर त्याने पोरीला सासरी हळूहळू सरकवत नेलं असतं. आई आणि ती, दोघी पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

पण नवतप्यात कुणी हसत नव्हतं. आकाश पांढरं झालं होतं. झाडांवर फूल उरलं नव्हतं. आई भांडी धुतलेलं पाणी भोपळ्याच्या वेलाला घालून तेवढी चार पिवळी फुलं जगवत होती. साखरेच्या पाण्याची बाटली पेटीवर होती. बाबा दुपारभर मुनग्याखाली ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसायचे, घासावर पाणी मारायचे आणि लाकडाला कान लावायचे. मी शिकवणी घेऊन आले की पहिला प्रश्न ठरलेला.

"पाय बरं, पायाले पिवळं घेऊन येऊन राह्यल्या काय?"

माशी पायांवर परागांची गोळी घेऊन आत गेली की समजायचं, आत राणी अंडी घालतेय, पिल्लं आहेत, त्या राहायला आल्यात. पराग आणणं थांबलं की त्या जायच्या तयारीत. बाबांना ते बारीक पिवळं दिसत नव्हतं. ते मलाच पाहावं लागायचं. मी दाराशी बसायची. एक आली, रिकामी. दुसरी, रिकामी. पंखांनी वारा घालणाऱ्या दारात ओळीने उभ्या. घामाने माझे डोळे चुरचुरत. "नाई बाबा." ते मान डोलवायचे आणि पाणी मारायला उठायचे. रोज नाई. आई दारातून विचारायची नाही, पण भांड्यांचा आवाज थांबलेला असायचा.

त्या दिवसांत मला एक गोष्ट नीट दिसली. बाबा माशांसाठी बसत होते आणि आम्ही दोघी बाबांसाठी, आणि माशा आपल्या पिल्लांसाठी. त्या उन्हात त्या बाडीतलं प्रत्येकजण कुणाला तरी गार ठेवत होतं. राणी म्हणतात खरं, पण तिचा काही हुकूम चालत नाही. ती फक्त आत असते. ती असली की बाकीच्यांना काम सुचतं.

नवतपा सरायला आला होता तेव्हा एका सकाळी भोपळ्याच्या फुलातून एक माशी निघाली. मी तिच्या मागे नजर लावून होते. ती दारावर उतरली. मागच्या दोन्ही पायांवर मोहरीएवढा केशरी ठिपका. तिच्यामागे आणखी एक.

"बाबा, आणलं."

"पक्कं पायलं?"

"पक्कं. दोघीयनं."

ते पेटीपाशी आले, लाकडाला कान लावून डोळे मिटून बसले. आई चुलीवरचं सोडून बाहेर आली होती. बाबा तसेच डोळे मिटून म्हणाले, "अजून एक खोकं आनून घेतो म्हनतो कबाड्याच्या इथून. भरल्यावर वेगळं घर लागंन त्यायले."

आईने फक्त "आना" म्हटलं आणि आत गेली. आत गेल्यावर तिने नाक शिंकरल्याचा आवाज मी ऐकला.

ते सगळं होऊन काही वर्षं झाली. मी शाळेत विज्ञान शिकवते. पुढच्या माघात त्या पेटीच्या दोन झाल्या, त्यानंतर आणखी. मध आम्ही थोडाच काढतो, इकडच्या बोलीत त्याला मंदरस म्हणतात, आणि पहिली वाटी बिसाहिन काकीकडे जाते, ते तिने स्वतःच ठरवून टाकलंय. बाबांना आता आणखी कमी दिसतं, पण काम चालू आहे. कुरुदमध्ये, स्मृति नगरात, चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरांत लोकांनी त्यांच्याकडून पेट्या करून नेल्या आहेत, आणि भिलाईच्या उन्हात त्या पेट्यांतल्या माशा नवतपा काढतात.